तेरा टन थॉमसन, व्हाया आफ्रिका

गंगापूर रोड, नाशिक
४ जानेवारी २०२४

प्रिय गोरक्ष,

फोनवर आपलं तिसऱ्या मिनिटाला भांडण होतं. पत्रात निदान भांडायला आठवडा लागतो, म्हणून ही सोय. शिवाय तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि माझे विचार थेट गोठ्यापर्यंत पोचतात. ते ऐकून म्हशींनी दूध चोरलं तर दोष माझ्यावर यायचा.

मुद्द्याचं बोलतो. यंदाही तू द्राक्षं त्याच निर्यातदाराला देणार म्हणालास. म्हणजे त्याचा माणूस पांढरा शर्ट घालून बागेत येणार, मण्याचा साइज मोजणार, तू त्याला कुजका बटाटा दाखवलास असा चेहरा करणार, भाव सांगणार आणि जाणार. तू त्याला वर चहा पाजणार. पस्तीस वर्षं थॉमसन द्राक्षं पिकवून तू कमावलंस काय, तर त्या माणसाची चहाची सवय.

मी कॉलेजात तीस वर्षं आयात-निर्यात शिकवली. माझ्या नोट्सची अजून झेरॉक्स निघते. तुझा, कोंडाजीचा आणि मल्हारीचा माल एकत्र केला तर एक कंटेनर सहज भरतो. तुमची शेतकरी कंपनी कागदावर आहेच, तिने आजवर केलेला एकमेव व्यवहार म्हणजे उद्घाटनाचे पेढे. परवाने, दाखले मी बघतो. तिकडे रॉटरडॅमला माझा तनय फळांच्या मोठ्या कंपनीत मॅनेजर आहे. माल उतरला की पुढचं तो बघेल.

दहावीपर्यंत आपण एका बाकावर बसलो, माझ्या वडिलांच्या छड्या निम्म्या निम्म्या वाटून खाल्ल्या. तेवढ्या ओळखीवर एवढं ऐक.

तुझा,
उपेंद्र


मु. शेळवाडी, ता. दिंडोरी
११ जानेवारी २०२४

निर्यातमहर्षी उपेंद्रपंत यांस शेळवाडीच्या अडाण्याचा नमस्कार.

तुझं पत्र कुसाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भाऊजी रिटायर होऊन दोन वर्षं झाली ना? मग बरोबर हाय." एवढं बोलून ती बागेत गेली. चाळीस वर्षांच्या संसारात तिने कुणाच्याही योजनेवर यापेक्षा जास्त शब्द खर्च केलेले मी पाहिलेले नाहीत.

छड्या निम्म्या निम्म्या नव्हत्या. तू मास्तरांचा मुलगा म्हणून तुला दोन आणि मला आठ. आणि तीस वर्षं निर्यात शिकवणाऱ्या माणसाने स्वतः देशाबाहेर काय पाठवलं, तर एक मुलगा. त्याला शून्य अंशावर ठेवावं लागलं नाही, त्याचे देठ सुकले नाहीत, आणि तिकडे कुणी त्याचा घेर मोजला नाही. द्राक्षाचं सगळंच मोजतात.

चूक माझीच झाली. तुझं म्हणणं मी गंमत म्हणून कोंडाजीला सांगितलं आणि त्याला ते पटलं. मागच्या वर्षी त्याच्या बागेत निम्मे घड कापून झाल्यावर त्या पांढऱ्या शर्टवाल्याने 'साइज नाही' म्हणून माल सोडून दिला होता. ते कोंडाजीच्या पोटात राहिलंय. मल्हारीचं तुला ठाऊकच आहे, कोंडाजी ज्या दिशेला बघेल त्या दिशेला तो चालायला लागतो. आता दोघं मिळून माझ्या मागे लागलेत.

तेव्हा माझी एकच अट. माल विकत घेणारा पक्का पाहिजे, आणि तसं तनयने स्वतः म्हटलं पाहिजे. तनय लहानपणी मे महिनाभर आमच्याकडे असायचा, त्याच्या शब्दावर मी बाग कापीन. तुझ्या शब्दावर मी कोथिंबिरीची जुडीसुद्धा कापणार नाय.

तुझा बाकावरचा,
गोरक्ष


गंगापूर रोड
२० जानेवारी २०२४

प्रिय गोरक्ष,

कोथिंबिरीबद्दल आभार. तनयशी बोललो. तो हो म्हणाला. उत्तर द्यायला जरा वेळ घेतला त्याने, पण मॅनेजर माणसं पटकन हो म्हणत नाहीत, ती सवय फक्त मल्हारीला आहे. घेणारा पक्का आहे. काप बाग.

तुमच्या द्राक्षांचा फवारणीच्या औषधाच्या अंशांचा रिपोर्टही पास होऊन आला. युरोपला चालतील एवढी तुमची द्राक्षं निर्मळ आहेत. तुमच्या तिघांच्या स्वभावाचा नमुना मात्र मी लॅबला दिलेला नाही.

एक किरकोळ अडचण आहे. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले चालू आहेत, म्हणून सगळी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जातात. पंचविसाचे चाळीस दिवस होतील. डब्यांत बुरशी रोखणारे सल्फरचे पॅड नीट घातले आणि थंडावा तुटू दिला नाही तर द्राक्ष तेवढं टिकतं, असं मी वाचलंय. तू आयुष्यात शिर्डीच्या पुढे गेला नाहीस. तुझे घड केप ऑफ गुड होप बघून येतील. त्यांचा हेवा करू नकोस.

पॅकिंगच्या दिवशी मी येतोच. तज्ज्ञ माणूस हजर असलेला बरा.

तुझा,
उपेंद्र


शेळवाडी
१४ फेब्रुवारी २०२४

तज्ज्ञ महाशय,

शनिवारी तू आमच्यावर जे उपकार केलेस त्यातून पॅकहाउस अजून सावरतंय. तरीही झालेलं लिहून ठेवतो, म्हणजे तुला नोट्समध्ये घालता येईल.

चाळीस बाया सकाळपासून घड कातरून डब्यांत भरत होत्या. त्यांच्या मध्ये तू डोक्याला जाळीची टोपी घालून उभा राहिलास आणि त्यांना 'कोल्ड चेन' समजावून सांगायला लागलास. समजावता समजावता शीतगृहाच्या दारात एक पाय आत, एक पाय बाहेर असा तू दहा मिनिटं उभा होतास. सगळा गारवा तुझ्या व्याख्यानाला बाहेर येऊन बसला. कुसाबाई आली, तिने तुला आत ढकललं आणि दार लावून घेतलं. चार मिनिटांनी तू बाहेर आलास तेव्हा तुझ्या तोंडून एकही इंग्रजी शब्द फुटत नव्हता. कोल्ड चेन म्हणजे काय ते सगळ्या बायांना तेव्हा एकदम कळलं.

तू गेल्यावरचं सांगतो. संध्याकाळी पाचला कंटेनरला सील लागलं. कोंडाजी ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसला. म्हणाला, न्हावाशेव्यापर्यंत सोबत जातो, जहाजात चढताना बघतो. बंदरात आत सोडत नाहीत असं ड्रायव्हरने त्याला लय समजावलं. शेवटी इगतपुरीला त्याला उतरवून दिलं, तिथून तो एसटीने परत आला. तीस वर्षांत माल गेल्यावर त्याने मागे वळून बघितलेलं मला आठवत नाय. या खेपेला त्याची सगळ्यात चांगली बाग त्यात गेलीय. मल्हारीची तर एकच बाग आहे, ती पूर्ण गेली.

पांढऱ्या शर्टवाला आदल्या आठवड्यात येऊन गेला. त्याने भाव सांगितला, मी चहा दिला. माल नाय म्हटल्यावर तो म्हणाला, "मग पुढच्या वर्षी आम्हाला बोलावू नका." तेव्हा आता परतीचं दार बंद आहे, आणि या खेपेला ते तू बंद केलंस.

गोरक्ष


गंगापूर रोड
१ मार्च २०२४

प्रिय गोरक्ष,

मला शीतगृहात कोंडणाऱ्या बाईंना माझा आदरपूर्वक नमस्कार सांग. खोकला गेला.

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने 'बांधावरून थेट युरोपात' या विषयावर माझं व्याख्यान ठेवलं होतं. पंचावन्न माणसं आली, त्यातली चाळीस शेवटपर्यंत जागी होती. शाल दिली, श्रीफळ दिलं. तुमचं तिघांचं नाव मी घेतलं, 'माझे सहकारी' म्हणून. प्रश्नोत्तरांत एका गृहस्थांनी विचारलं की द्राक्षं आंबट निघाली तर परत येतात का. मी म्हटलं, द्राक्षं परत येत नाहीत, फक्त बिलं येतात. टाळ्या पडल्या.

जहाज कुठे आहे ते मी रोज फोनवर बघतो. काल ते आफ्रिकेच्या अगदी टोकाशी होतं. एक छोटा हिरवा बाण, आणि त्यात तुझी बाग. हिचं म्हणणं, एवढ्या वेळा मी तिच्याकडेसुद्धा कधी बघितलेलं नाही.

तनय हल्ली फोन उचलत नाही. उचलला तर लगेच ठेवतो. कामात असेल. तुला करतो का तो कधी?

तुझा,
उपेंद्र


शेळवाडी
९ मार्च २०२४

प्रिय उपेंद्र,

पत्र मिळालं. तुला शाल मिळाली हे वाचून आनंद झाला. भाषण चांगलंच झालं असणार.

इकडे सर्व ठीक आहे. माल वेळेवर पोचेल, काळजी करू नकोस. तनय कामाचा माणूस आहे, त्याला सारखे फोन करून त्रास देऊ नये असं मला वाटतं. उन्हं वाढली आहेत, दुपारचा बाहेर पडू नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा मित्र,
गोरक्ष


गंगापूर रोड
१५ मार्च २०२४

गोरक्ष,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. हिलाही दाखवलं. आम्हा दोघांचं एकमत झालं की तुझी प्रकृती गंभीर आहे.

त्यात एकही टोमणा नाही. तू मला 'प्रिय' म्हटलंस. 'आनंद झाला' असं लिहिलंस. पन्नास वर्षांत माझ्या कुठल्याही गोष्टीचा तुला आनंद झालेला नाही, माझ्या लग्नात तू वरातीतल्या घोड्याचं कौतुक करून निघून गेला होतास. काय झालंय? शुगर वाढलीय? दवाखान्यात जाऊन आलास आणि मला सांगत नाहीस? की माझ्या शालीने तुला त्रास झाला? तसं असेल तर शाल तुला देऊन टाकतो, नाहीतरी ती टोचते.

की माल पाठवल्याचा पश्चात्ताप होतोय? स्पष्ट लिही. आणि तनयबद्दल मी विचारलं होतं, त्याचं उत्तर तू दिलं नाहीस.

उपेंद्र


शेळवाडी
९ एप्रिल २०२४, पाडवा

उपेंद्र,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. मला काहीही झालेलं नाय. शुगर तुझ्यापेक्षा बरी आहे आणि तुझी शाल तू घोड्यावर घाल. आता जे लिहितो ते खाली बसून वाच, आणि वहिनींना आधी वाचून दाखवू नकोस.

पाच मार्चला तनयचा मला फोन आला. म्हणाला, "काका, माल घेणारं कुणी नाहीये."

तो मॅनेजर नाय. त्याची नोकरी ऑक्टोबरातच गेली. कंपनीने माणसं कमी केली, त्यात हा. तेव्हापासून तो बंदराजवळच्या एका गोदामात फळं निवडून डबे भरतो. आमच्या बाया करतात तेच काम, फक्त थंडी जास्त. जानेवारीत तुझा फोन गेला तेव्हा तो खरं सांगणारच होता म्हणे, पण तू परवाने, कंटेनर, दाखले असं बोलत सुटलास आणि त्याच्या तोंडून हो निघून गेलं. आपल्या कागदावर माल घेणारा म्हणून ज्याचं नाव आहे तो तिथला एक व्यापारी, मूळचा सुरिनाम देशातला. त्याने फक्त बंदरातून माल सोडवायला स्वतःचं नाव वापरू दिलं होतं, विकत घ्यायचं कबूल केलं नव्हतं. गिऱ्हाईक आपण शोधू असं तनयला वाटलं होतं. जहाज आफ्रिकेला वळसा घालेपर्यंत एकही मिळालं नाय.

मी त्याला लय शिव्या देणार होतो. आठवून ठेवल्या होत्या, बऱ्याचशा तुझ्या नावच्याच. पण त्याचा आवाज ऐकला आणि विचारलं, "जहाज यायला किती दिवस?" तो म्हणाला, वीस. मी म्हटलं, "दोन दिवस रडून घे. अठरा राहतात."

त्याने मला शपथ घातली की बाबांना सांगू नका. म्हणून ते पत्र तसं गेलं. टोमणा मारायला हात उचलायचो आणि तुझी दया यायची. फार वाईट वाटतं, मित्राची दया येणं. कोंडाजी रोज सकाळी येऊन विचारायचा, पोचलं का. मी त्याच्या डोळ्यांत बघून सांगायचो, चाललंय. मालाचा पत्ता नसताना मालाबद्दल आत्मविश्वासाने बोलायचं तुला कसं जमलं तीस वर्षं? मी पाच आठवड्यांत वाळलो.

तनयने मग रोज काम सुटल्यावर सायकल काढली. देशी दुकानं, तुर्की भाजीवाले, शेजारच्या गावातले आठवडी बाजार, सगळीकडे फिरला. दाखवायला माल नव्हता म्हणून कुसाबाईकडे बागेचे फोटो मागितले. तिने चाळीस पाठवले, अडतिसांत तिचा अंगठा आहे. उरलेल्या दोनांवर त्याने सहा गिऱ्हाइकं पटवली.

सव्वीस मार्चला कंटेनर उघडला. देठ तपकिरी पडले होते, मणी टणक. डब्यांच्या वीस थप्प्या, त्यांना पॅलेट म्हणतात, त्यातली दोन खराब झाली, ती टाकली. बाकी अठरा पॅलेट त्याने, त्याच्या बायकोने म्हणजे अपूर्वाने, आणि गोदामातल्या चार मित्रांनी पुन्हा निवडली. सुरिनामी माणसाने जागा दिली. मध्येच त्यांचा ईस्टर आला, दोन दिवस सगळं बंद, आणि द्राक्ष सुट्टी घेत नाय. अकरा दिवस तो पोरगा दारोदार हिंडला. शनिवारी शेवटचं पॅलेट गेलं.

भाव म्हणशील तर पांढऱ्या शर्टवाल्याने बागेत सांगितला होता तोच, किलोला दीड रुपया कमी. म्हणजे तुझ्या योजनेप्रमाणे आपण अख्खी आफ्रिका फिरून परत आमच्या बांधावर आलो. कोंडाजी आणि मल्हारी मात्र खूश आहेत. त्यांना यातलं काही माहीत नाय.

मी शब्द मोडून तुला हे सांगतोय, कारण तुझ्याशी खोटं बोलून तो थकलाय. मीपण. त्याला रागावू नकोस. एवढं माझं ऐक.

गोरक्ष


गंगापूर रोड
१२ एप्रिल २०२४

प्रिय गोरक्ष,

तू मला खाली बसून वाच म्हणालास. मी बसलो. पण मला धक्का बसला नाही, आणि तो का बसला नाही हे तुला लिहिल्याशिवाय आता गत्यंतर नाही.

तनयची नोकरी गेल्याचं मला नोव्हेंबरपासून माहीत होतं.

अपूर्वाने फोन करून सांगितलं होतं. ती म्हणाली, "बाबा, तो रोज गोदामात जातो, घरी येऊन भिंतीकडे बघत बसतो. तुम्हाला कळलंय हे त्याला कळू देऊ नका, तो खचेल." दुसऱ्या कुठल्याही बापाने मुलाला फोन केला असता. मी वही काढली. मुलाला काम द्यायचं, पण दिलंय असं वाटू द्यायचं नाही, असा विषय लिहून खाली मुद्दे काढले. तेवढ्यात तू तुझ्या निर्यातदाराचं बोललास आणि मला उत्तर सापडलं. त्याच्या जुन्या ओळखी असतील, गिऱ्हाईक तो सहज शोधेल, स्वतःच्या पायावर उभा राहील, आणि तुमचाही फायदा होईल. वहीत सगळं फार सुरेख दिसत होतं.

तू अट घातलीस. तनय फोनवर हो म्हणाला तेव्हा त्याचा आवाज कसा आला होता ते मी ऐकलं होतं. तरी 'घेणारा पक्का आहे' असं मी तुला लिहिलं. ते खोटं तनयचं नव्हतं, माझं होतं. पुढे दीड महिना तो हिरवा बाण बघत होतो तो द्राक्षांसाठी नाही.

शालीबद्दल तू जे काही म्हणशील ते थोडंच आहे.

उपेंद्र


शेळवाडी
१५ एप्रिल २०२४

प्राध्यापक उपेंद्र यांस,

तनय खोटं बोलला, कारण त्याला लाज वाटली. तू खोटं बोललास, कारण ते तुला सोयीचं होतं.

माल माझा एकट्याचा असता तर चार शिव्या लिहून विषय संपवला असता. पण मल्हारीची ती एकच बाग होती. त्याला वाटत होतं तो युरोपला द्राक्षं पाठवतोय. तू त्याची बाग मुलाच्या औषधाला वापरलीस, आणि त्याला विचारलंसुद्धा नाहीस.

तुला मुलासाठी माल हवा होता तर माझ्याकडे मागायचास. सांगायचंस, गोरक्ष, पोरगं अडचणीत आहे, कदाचित बुडेल, तरी देतोस का. मी दिला असता. पन्नास वर्षांत हे तुला कळलं नाय, याचा मला जास्त राग आहे.

पत्र लिहू नकोस.

गोरक्ष


शेळवाडी
२ जून २०२४

भाऊजींना कुसाबाईचा नमस्कार.

मी सांगतेय आणि आमची सून पूजा लिहितेय. ती मधीमधी माझं बोलणं सुधारायला बघते, तिला म्हटलं हाय तसं लिही, भाऊजी शिकलेले हायेत, त्यांना समजंल.

तुमची चार पत्रं आली. ह्यांनी फोडली नायत. फेकलीपण नायत. चष्म्याच्या घरात घालून ठेवलीत, आता चष्मा कुठं ठेवायचा म्हणून दिवसभर चिडचिड करतेत. खरड छाटणीत ह्यांनी दोन ओळी चुकीच्या छाटल्या. पस्तीस वर्षांत असं झालेलं नाय.

कोंडाजीभाऊजींना आणि मल्हारीला अजून काय ठाऊक नाय. हे सांगत नायत, कारण सांगितलं तर गावात तुमचं नाव जाईल. आणि नाय सांगितलं म्हणून त्या दोघांच्या समोर ह्यांना घास उतरत नाय. म्हंजी चूक तुम्ही केली आणि पाटी हे वाहतेत. तुमच्यासारख्या हुशार माणसाला हे बरं दिसत नाय.

तुम्ही या आणि तुमच्या तोंडानं सांगा. भाषण नको. मोजून चार वाक्यं सांगा. दोघं रागावले तर रागवू द्या, तुम्ही त्याच्यासाठीच आलेले असाल. चहा मी करीन.

कुसाबाई


गंगापूर रोड
११ जून २०२४

गोरक्ष,

पत्र लिहू नकोस म्हणालास, तरी लिहितोय. रविवारी मी तुमच्या ओट्यावर आलो तेव्हा तू माझ्याकडे न बघता पंपाची नळी दुरुस्त करायला निघून गेलास. ती नळी फुटलेली नव्हती, मी येताना बघितली होती. तेव्हा तू नसताना काय झालं ते मीच सांगायला हवं, कारण कोंडाजी ते तुला सांगणार नाही.

कुसाबाईंनी चार वाक्यं सांगितली होती. मला सहा लागली. तनयची नोकरी गेली होती, मला ते माहीत होतं, माल घेणारं कुणी नव्हतं, तरी घेणारा पक्का आहे असं मी लिहिलं, तुमची बाग मी माझ्या मुलासाठी पणाला लावली, आणि गोरक्षला यातलं काही आधी माहीत नव्हतं. सहावं वाक्य मी मुद्दाम घातलं.

मल्हारी म्हणाला, "म्हंजी आपला माल गिऱ्हाइकाबिगर आफ्रिका हिंडला?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, बरं झालं तवा ठाऊक नव्हतं, मी जेवलोच नसतो महिनाभर. माझ्या विद्यार्थ्यांनी माझ्यावर इतका मोठा उपकार कधी केला नाही.

कोंडाजी खाली बघून हातातलं ढेकूळ कुस्करत राहिला. मी तयारी करून आलो होतो. तो काय काय विचारेल याची यादी केली होती, किती माल टाकला, भाव कमी का आला, परत असं झालं तर काय. सगळ्याची उत्तरं पाठ होती. कुसाबाई चहा ठेवून गेल्या, तो निवला. मग कोंडाजीने विचारलं, "ते अकरा दिवस पोरगं जेवत व्हतं का?"

गोरक्ष, सहा महिन्यांत मी तनयला जहाज विचारलं, तापमान विचारलं, कागद विचारले, देठांचा रंग विचारला. हे विचारलं नव्हतं. कोंडाजी उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, तोच ढेकळाचा, आणि निघून गेला. शर्टावर अजून डाग आहे. हिला धुवू दिलेला नाही.

घरी पोचलो आणि तनयला फोन लावला. तिकडे दुपार होती, तो उचलून नेहमीसारखा ठेवायच्या बेतात होता. मी म्हटलं, मला सगळं नोव्हेंबरपासून माहीत आहे, ठेवू नकोस. आणि कोंडाजीकाकांनी विचारलंय की ते अकरा दिवस तू जेवत होतास का.

तो म्हणाला, "बाबा, द्राक्षंच खात होतो."

आम्ही दोघंही हसायला लागलो. हसता हसता तो रडायला लागला. मी काही समजावून सांगितलं नाही. नुसता फोन धरून बसलो. त्यानंतर तो तासभर बोलला. गोदामात त्याला आता खरेदीच्या कामावर घेतायत, सुरिनामी माणूस पुढच्या मोसमात दोन कंटेनर घेऊ म्हणतो, हे त्याने अगदी शेवटी सांगितलं. मला ते फारसं महत्त्वाचं वाटलं नाही. असं मला पहिल्यांदाच झालं.

कोंडाजीला त्याचं उत्तर कळव. मीच सांगितलं असतं, पण मी सांगायला लागलो की त्याचं भाषण होतं.

उपेंद्र


शेळवाडी
१६ जून २०२४

उपेंद्र,

कोंडाजीला कळवलं. तो म्हणाला, किती किलो खाल्ली ते विचार, आपण टाकलेल्या मालात धरलीत का.

पंपाची नळी फुटलेलीच होती. तुला नळीतलं काय कळतं. तुझी चार पत्रं काल फोडली. एका पत्रात तू तीच माफी तीन वेगळ्या परिच्छेदांत मागितली आहेस, पेपर तपासणाऱ्याने मार्क कापले असते. चष्मा सापडला.

पुढच्या मोसमाचं मी, कोंडाजी आणि मल्हारी ठरवू. तनयशी आम्ही थेट बोलू, अटी त्याला सांगू, आणि या खेपेला त्याने नाय म्हटलं तरी चालेल असं त्याला आधी सांगू. तू मध्ये बोलायचं नाहीस.

दुसरं काम मात्र तुझ्याशिवाय होत नाय. कोंडाजीच्या बायकोने तनयसाठी दहा किलो बाजरीचं पीठ दळून ठेवलंय. तिला सांगितलं, डिसेंबरातल्या कंटेनरची वाट बघू. ती म्हणते, तोवर पीठ कडू होईल आणि पोरगं वाळंल. कुरियरवाला म्हणतो, खायची वस्तू परदेशी पाठवायला कागद लागतील, कुठले ते त्यालाही माहीत नाय.

रविवारी ये आणि ते कागद कर. जेवायलाच ये.

गोरक्ष